फिरंगी आळीतली डुलकी

आमच्या आळीला अख्खं गाव फिरंगी आळी म्हणतं. आम्ही स्वतः मात्र पत्ता सांगताना ‘कोटाच्या आत, विहिरीच्या पुढं’ एवढ्यावर भागवतो. फिरंगी म्हटलं की ऐकणारा भुवया वर करतो, आणि मग त्याला सगळी कहाणी सांगत बसावं लागतं.

कहाणी तशी थोडकीच आहे. अलिबागहून मुरुडकडे जाताना खाडीच्या अलीकडे पोर्तुगिजांचा कोट लागतो. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, एक पडका मनोरा आणि आमची आळी. मुंबईची माणसं रो-रो बोटीतून गाड्या घेऊन मनोऱ्याचे फोटो काढायला येतात. फोटो झाले की आमच्या आळीतूनच परत जातात आणि दोन्ही बाजूंच्या घरांकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना तरी काय दोष द्यायचा? कौलं आपली, तुळशीवृंदावनं आपली, दोरीवर वाळणारे गाऊन तर अगदीच आपले. भिंती तेवढ्या फिरंग्यांच्या. काळ्या दगडाच्या, चुन्यात बसवलेल्या, आणि इतक्या जाड की खिडकीच्या पोटातच समोरासमोर बसायला दोन दगडी ओटे आहेत. दर्शनी भिंतीतून दगडाचे हात बाहेर आलेले दिसतात. त्यांच्यावर पूर्वी लाकडी सज्जा असणार. आता आम्ही त्यांना ओल्या छत्र्या अडकवतो.

मी चित्रकलेची शिक्षिका. अलिबागच्या शाळेतून निवृत्त झाले, माहेरच्या घरी राहायला आले आणि चार दिवसांत कंटाळले. म्हणून दारात खुर्ची टाकून आळीतली घरं काढायला बसले. चित्र काढायचं तर नीट बघावंच लागतं. बघता बघता माझ्या ध्यानात आलं की ही घरं देखणी आहेत. ज्या कमानीखाली मी लहानपणी पाढे घोकले, तिची गोलाई मला पेन्शन सुरू झाल्यावर दिसली! मला इतका आनंद झाला की तो एकटीला आवरेना. आणि मला आनंद झाला की आजूबाजूच्यांची खैर नसते, हे माझे विद्यार्थी सांगतील.

गणपतीत मी देवळाच्या सभामंडपात सगळी चित्रं लावली. लोक आले, खूश झाले. चित्रात कुणाचा टॉवेल वाळतोय ते ओळखायची चढाओढ लागली. घरांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी आळीतलाच एकजण म्हणाला, “बाई, काडायचे तं आपले किल्ले काडा. ह्या फिरंग्यांचं काय कवतिक?”

“फिरंगी जाऊन किती पिढ्या झाल्या,” मी म्हटलं. “तुझं बारसं त्या घरात झालं, तुझ्या आज्याचं झालं. अजून घर त्यांचंच?”

“ते खरं हाय,” तो म्हणाला, “पन बांधलं त्यांनीच ना!” आणि प्रसाद घेऊन चालता झाला.

त्या प्रदर्शनातून माझ्या पदरात पडलं एक भांडण. माझ्या घरासमोर एक वहिनी राहतात. नात्यानं त्या कुणाच्याच वहिनी नाहीत, पण सगळी आळी त्यांना वहिनीच म्हणते. यजमान गेल्यापासून वाडी त्याच बघतात. त्यांच्या घराचं चित्र सगळ्यांत छान उतरलं होतं, म्हणून मी त्याच्याखाली झोकदार अक्षरात लिहिलं, ‘वहिनींचं जुनं घर’. वहिनींनी वाचलं आणि तिथून तडक निघून गेल्या. दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. मीच फराळाचं ताट घेऊन गेले, तेव्हा कुठं तोंड उघडलं.

“जुनं काय लिवलंत? नवं बांधायची ऐपत न्हाय, असं साऱ्या गावाला वाचून दाखवलंत!”

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे देऊळ जुनं असलेलं चालतं, नव्हे, जितकं जुनं तितका देव जागृत. झाड जुनं असलं तरी मान मिळतो. घर जुनं म्हटलं की ती मालकाची नालस्ती होते. बालपण इथं गेलं आणि हे साधं माझ्या लक्षात आलं नव्हतं. घरी जाऊन मी तो शब्द खोडून काढला. वहिनींनी चकल्या ठेवून घेतल्या, तेव्हा जिवात जीव आला.

पण वहिनींचं दुखणं त्या शब्दाहून मोठं होतं. त्यांचा मुलगा आगरदांड्याच्या जेट्टीवर, फेरीबोटीवर कामाला. शांत, कष्टाळू, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. त्याचं लग्न जमत नव्हतं. फोनवर सगळं ठीक चालायचं आणि मग मुलीकडचे विचारायचे, “घर स्लॅबचं हाय का?” तरीही कुणी बघायला आलंच, तर दारातूनच भिंतीकडे बघायचं, चहा प्यायचं आणि ‘कळवतो’ म्हणून जायचं. तो मुलगा हल्ली पाहुणे येणार म्हटलं की मुद्दाम जादा पाळी घ्यायला लागला होता. मला ते बघवत नसे.

वहिनींनी मग ठरवूनच टाकलं. घर पाडायचं आणि स्लॅब टाकायचा. ठेकेदार आला, त्यानं भिंतीवर मूठ मारून बघितली, मूठ चोळत म्हणाला, “मे संपायच्या आत सपाट करतो.” मी तावातावानं रस्ता ओलांडून गेले. मेस्त्री नीट काम करेल तर घर आणखी कित्येक पिढ्या टिकेल, असा दगड आता मिळायचा नाही, एक पाडलं की आळीतली बाकीचीही पाडतील. माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं मी बोलले. वहिनी शेंगा निवडत ऐकत होत्या.

“झालं तुमचं?” त्या म्हणाल्या. “बाई, तुम्ही चित्रं काडा. पन माझ्या पोराला चित्रातली बायको न्हाय पायजे.”

एका भिंतीपायी त्या पोरानं बिनलग्नाचं राहावं, असं कुठल्या तोंडानं म्हणणार? घरी येऊन मी जेवले नाही. मला वहिनींचा राग आला होता आणि त्यांचं खरं होतं, म्हणून जास्तच आला होता.

एप्रिलच्या कडक उन्हात पालीकडचं एक स्थळ आलं. भातशेती करणारं घर, मुलगी औषधांच्या दुकानात कामाला. मुलगी, तिचे आईवडील आणि आत्या रविवारी घर बघायला येणार होते. ह्या वेळी वहिनींनी धोका पत्करला नाही. मांडववाल्याला बोलावलं आणि अंगणात मांडव घालून घराची अख्खी दर्शनी भिंत गुलाबी-पिवळ्या झालरीच्या कापडानं झाकून टाकली. पाहुण्यांना अंगणात बसवायचं, तिथंच जेवू घालायचं, ‘पुढच्या वर्षी इथं स्लॅब’ असं सांगायचं आणि भिंत दिसायच्या आत वाटेला लावायचं, असा बेत होता. आणि कापड बांधायला शिडीवर कोण? मी. त्या सज्जाच्या दगडी हातांना मीच दोऱ्या आवळल्या. दुसऱ्या कुणाला बांधू दिलं असतं तर त्यानं खिळे ठोकले असते.

पाहुणे आले. वहिनींनी वडे, कोंबडी, सुरमई, सोलकढी, सगळं केलं होतं. मुलगा आणि मुलगी वाडीत जाऊन चार शब्द बोलून आले, आणि परतताना दोघंही हसत होते. मला बरं वाटलं. मुलीचे वडील अंगापिंडानं दणकट, बोलायला कमी, जेवायला दांडगे. त्यांनी वड्यांना न्याय दिला.

हात धुऊन सगळे मांडवात टेकले आणि लाईट गेली.

मांडवातला पंखा थांबला. वहिनींच्या त्या झालरीनं वारा असा अडवला होता की पान हलेना. आत्याबाई पदरानं वारा घ्यायला लागल्या. मुलीच्या आईनं कपाळ पुसलं, पुन्हा पुसलं. वडील थोडा वेळ घाम गाळत बसले, मग उठले, आणि कुणाला काही न विचारता कापड बाजूला सारून घरात गेले. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना वाटलं, संपलं सगळं.

थोड्या वेळानं आतून घोरण्याचा आवाज आला.

मुलीची आई लाजून लाल झाली. “उठवते हां,” म्हणाली आणि आत गेली. ती परत आली नाही. मग आत्याबाई दोघांना बोलवायला म्हणून गेल्या. त्याही आल्या नाहीत. पाहुण्यांपैकी मांडवात मुलगी तेवढी उरली, तिनं वहिनींकडे बघितलं, “मी बघून येते,” म्हणाली आणि तीही गेली. वहिनी चहाचा ट्रे धरून रिकाम्या खुर्च्यांसमोर उभ्या! मला इतकं हसू फुटलं की मी पदर तोंडात कोंबला. शेवटी आम्हीही आत गेलो. खिडकीच्या ओट्यावर वडील उशाला हात घेऊन आडवे झाले होते. समोरच्या ओट्यावर आई दगडाला पाठ टेकून डोळे मिटून बसली होती. आत्याबाईंनी जमिनीवरच पाय पसरले होते. आणि मुलगी उभी राहून तळहातानं भिंत चाचपत होती.

वडील चहाच्या वासानं जागे झाले. उठून बसले, वर बघितलं, भिंतीवर थाप मारली.

“एशी हाय का आत?” त्यांनी विचारलं.

“न्हाय हो,” वहिनी ओशाळून म्हणाल्या. “भिंतच तशी हाय. फिरंग्यांनी बांधलेलं घर.”

“आमी स्लॅब घातला,” ते आत्याबाईंकडे बघत म्हणाले. “दुपारचा घरात पाय ठेववत न्हाय. मी गोठ्यात जाऊन झोपतो. इचारा हिला.”

आत्याबाईंनी मान डोलावली. वहिनींना मात्र त्याचा अर्थ पोचला नाही. त्या घाईघाईनं म्हणाल्या, “तुम्ही काळजी करू नका. हे सगळं पाडायचंय. ठेकेदार ठरलाय. पोरगी येईल ती स्लॅबच्या घरातच येईल.”

“पाडायचंय?” त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. “मग आमचं न्हाय जमायचं.”

वहिनींनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग मुलीच्या आईकडे, मग वळून डोळे बारीक करून माझ्याकडे.

“बाई,” त्या म्हणाल्या, “तुम्ही पढवून आणलंत न्हाय ना यांना?”

“गणपतीची शप्पथ!” मी ओरडलेच.

मुलीचे वडील हसायला लागले, मग सगळेच हसले. वहिनींचा मुलगा दाराशी उभा होता, तोही हसला. हसणं ओसरल्यावर मुलगी बोलली. तोवर तिचा हात भिंतीवरच होता.

“घर ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “पण संडास-बाथरूम घरात पाहिजे. पावसात वाडीत जायला मला जमणार नाही. आणि खिडक्यांना जाळ्या. डास फार आहेत तुमच्याकडे.”

मला तिला कडकडून मिठी मारावीशी वाटली. वर्षभर मी ह्या घरांबद्दल कंठशोष करत होते, आणि आत राहणाऱ्या बाईला पावसात कुठं जावं लागतं, हे माझ्या एकाही चित्रात नव्हतं. घर टिकवायचं ते कुणीतरी सुखानं राहण्यासाठी, हे ह्या पोरीनं चहा निवायच्या आत सांगून टाकलं.

वहिनींनी ट्रे खाली ठेवला. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज सासूचाच होता.

“संडास बांधते. जाळ्या लावते. गरम पान्याचं मशीनबी बसवते. पन पोरी, हे घर ठेवायचं म्हंजे दर सालाला गणपतीच्या आधी चुना लावायला लागतो. आतून, बाहेरून, पार वळचणीपर्यंत. माझे गुडघे गेले. शिडीवर चढता येतं का तुला?”

मुलीनं आधी वळचणीकडे मान वर करून बघितलं, मग वहिनींच्या मुलाकडे.

“येतं,” ती म्हणाली. “शिडी ह्यांनी धरायची.”

वहिनींनी मला साखरेचा डबा आणायला पिटाळलं.