बाबांनी आईचं नाव घेतलं

बाबा गेले आणि वर्षभरात आईचा मोतीबिंदू पिकला. तांदूळ निवडताना खडा दिसेना, जिन्याची शेवटची पायरी चुकायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका. आई म्हणाली, "त्यास्नी इचारल्याबिगर डोळ्याला हात लावू द्यायची न्हाय."

बाबांना विचारायचं कसं, याचाही उपाय तिनं शोधून ठेवला होता. करावे गावातल्या एका भजनी मंडळात मंगळवारी एका मावशींच्या अंगात वारलेली माणसं येतात, असं शेजारणीनं तिला सांगितलं होतं. त्याच शेजारणीला मावशींनी शुगरच्या गोळ्या बंद करून अंगारा घ्यायला लावला होता. मी लॅबमध्ये काम करते. शेजारणीची साखर दुपटीवर गेल्याचा रिपोर्ट माझ्याच हातून गेला होता. मी ठरवलं, आईबरोबर जायचं आणि मावशींना रंगेहाथ पकडायचं. रिक्षात मला चक्क मजा वाटत होती.

दारातच हळदकुंकू लावणाऱ्या बाईनं आईकडून नाव, गाव, कोण गेलं, काय दुखतंय, सगळं गोड बोलून काढून घेतलं. झालं, चोर दारातच सापडला, असं मी मनात म्हटलं.

मग ढोलकी सुरू झाली आणि काय सांगू, तिच्यापुढे माझं शहाणपण टिकेना. टाळ, धूप, बायकांची दाटी. माझी मान आपोआप हलायला लागली, अंगावर काटा आला. अजून दोन भजनं झाली असती तर माझ्याच अंगात कुणीतरी आलं असतं! तेवढ्यात मावशी घुमायला लागल्या. जाड आवाजात त्यांनी आईला हाक मारली. नावानं.

मी ताडकन उठले. बाबा एपीएमसी मार्केटात कांद्याची पोती उचलायचे, त्यांची हाक चार गाळ्यांपलीकडे जायची. पण आमच्यात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. उभ्या जन्मात त्यांनी आईला "ऐकलं का" याशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

"हे बाबा नाहीत," मी सगळ्यांदेखत म्हणाले. "बाबांनी कधीच तिचं नाव घेतलं नाही."

ढोलकी थांबली. आईनं हात ओढून मला खाली बसवलं. "गप बस. परत घेऊ दे," म्हणाली. तिला इतकं लाजलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, आता मावशी म्हणतील ती पूर्व दिशा. त्या अंगारा म्हणाल्या तर आई आंधळी होईपर्यंत अंगाराच लावत बसणार होती. ज्या आवाजाला मी आत्ताच खोटं ठरवलं, त्याच्याच पुढे मी हात जोडून बसले, आणि अगदी मनापासून. मावशींनी पुन्हा नाव घेतलं. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"डोल्याचा आपरेशन करून घे. कोनाला भिऊ नको, मी हाय."

आमचे साताऱ्याचे बाबा एकाएकी करावेकरांसारखे बोलायला लागले होते. पण जयजयकारात सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.

परतताना रिक्षात मला राहवेना. "आई, ते बाबा नव्हते गं."

"मला कळत न्हाय व्हय? जल्म काढला त्यांच्यासंगं."

"मग?"

"मग काय? ऑपरेशनला कवा जायचं ते सांग."

पट्टी निघाली त्या दिवशी घरी आल्यावर ती पाणीही न पिता बाबांच्या फोटोसमोर गेली. पदरानं काच पुसली, डोळे बारीक करून नीट बघितलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा, उखाण्याबिखाण्याशिवाय, तिनं त्यांना नावानं हाक मारली.

"दिसतायसा बरं का," म्हणाली.