पंचमीचा मुराळी

कराड सोडलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस होता. खटाव तालुक्यात शिरलो तसा तो मागं राहिला, उघडे माळ लागले, आणि वडूजच्या अलीकडं माझ्या मोटारसायकलचं इंजिन बसलं. आईवडील गेल्यावर पुण्यातला फ्लॅट विकून, लॅपटॉपवर भाषांतरं करत मी कित्येक वर्षं हिच्यावरच हिंडतोय. 'सगळं जग माझं घर' असं ऐटीत सांगायचो. वैशाखाच्या उन्हात गाडी ढकलताना कळलं, या घराला छप्पर तेवढं नाही!

मागून एक ट्रॅक्टर आला. चालवणारे तात्या, फौजेतले निवृत्त सुभेदार. मिशा मात्र अजून ड्यूटीवर.

"गाव कुठलं?"

"तसं कुठलंच नाही."

"आसं कसं? माणसाला गाव असतंय की!"

गाडीचा पार्ट यायला आठवडा लागणार होता. तात्यांनी मला विचारलंसुद्धा नाही, सरळ घरी नेलं. "पोरीचं लगीन हाय. एक माणूस वाढला तर काय बिघडतंय?"

पोरीचं नाव रेश्मा. आई लहानपणीच गेलेली, तिला वाढवलं तात्यांच्या बहिणीनं. या आत्या म्हणजे घरातलं हायकोर्ट. त्यांच्या हातची बाजरीची भाकरी आणि मटकीची आमटी खाऊन मी मांडवाची कामं करू लागलो आणि बघता बघता घरचाच झालो. निदान मला तसं वाटलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी रेश्माचा चुलत भाऊ बांधाच्या भांडणावरून रुसला. आता कानपिळी कोण करणार? (लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी आहे!) रेश्माला सख्खा भाऊ नाही. तिचा चेहरा एवढासा झाला.

"मी पिळतो की! त्यात काय एवढं?" मी म्हणालो.

आत्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"कान कुणीबी पिळंल, बाबा. पंचमीला मुराळी म्हणून कोण जाणार?"

मुराळी म्हणजे लेकीला सासरहून माहेरी न्यायला जाणारा भाऊ. या भागात नागपंचमीला लेक माहेरी येतेच, आणि पहिल्या पंचमीला तर सगळी आळी बघत असते. "तू कान पिळून जाशील तिकडं हिमालयात, आन् पोरगी दारात वाट बघत बसंल," आत्या म्हणाल्या. "सासरी तिची काय शोभा ऱ्हाईल?"

पुढच्या महिन्यात कुठं असेन हे मी कित्येक वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

"दादा, जमणार नसंल तर आत्ताच सांगा," रेश्मा म्हणाली. "मला राग येणार न्हाई."

"येईन," मी म्हणालो, आणि माझंच धाबं दणाणलं.

दुसऱ्या दिवशी मांडवात मी नवरदेवाचा कान हळूच धरला. आत्या कडाडल्या, "आरं, कान गोंजारतोस काय? पीळ की!" पिळला. बिचारा कळवळला. मला टॉवेल-टोपी मिळाली, रेश्मा सासरी, सांगलीजवळच्या कुपवाडला गेली आणि मी हिमाचलला.

श्रावण लागला आणि तिकडं दरड कोसळून रस्ता बंद झाला. 'येणं जमत नाही' असा मेसेज मी लिहिलासुद्धा. कारण खरं होतं, कुणी नाव ठेवलं नसतं. पण दारात वाट बघणारी ती पोर डोळ्यांपुढून हलेना. मेसेज पुसला, गाडी तिथल्या धाबेवाल्याकडं ठेवली, दरडीचा टापू पायी ओलांडला आणि मिळेल त्या बसनं, रेल्वेनं निघालो.

कुपवाडला पोचलो तेव्हा कारखान्यांची रात्रपाळी सुटत होती. दुचाक्यांच्या गर्दीतून वाट काढत घर शोधलं. सासूबाई दारातच होत्या. "आलं बाई मुराळी! कालपासनं पिशवी भरून बसलीय." रेश्मा आतून धावत आली आणि माझा अवतार बघून म्हणाली, "दादा, आंघोळ तरी केलीस का रं?"

सांगलीहून आम्ही एसटीनं निघालो. विट्याच्या स्टँडवर मी गरमागरम वडे आणले. तिनं हात लावला नाही.

"खा की. सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

"उपास हाय."

"आज कसला उपास?"

"पंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपास असतोय. भाऊ सुखी ऱ्हावा म्हणून." मग हसून म्हणाली, "लहानपणापासनं बाकीच्या पोरी करायच्या, मी नुसती बघायची. औंदा पहिल्यांदाच धरलाय. तू खा, वडा गार होतोय."

मी वडे परत कागदात गुंडाळले. आई गेल्यापासून मी जेवलो की नाही याची चौकशीही कुणी केली नव्हती, आणि ही माझ्यासाठी उपाशी होती. मी तोंड फिरवून रडलो. स्टँडवरची माणसं बघत होती, बघू देत.

पंचमीला आत्यांनी पुरणाची दिंडं उकडली, रेश्मानं मैत्रिणींबरोबर फेर धरला, आणि तात्यांनी येईल त्याला माझी ओळख 'आमच्या रेश्माचा भाऊ' अशी करून दिली. सण झाला, तिला कुपवाडला पोचवलं आणि मिरजेहून रेल्वेत बसलो.

गाडी आणायला हिमाचलला चाललोय. फिरणं सोडणार नाही. घर घेईनसंही वाटत नाही. पण आजवर घाटात मी गाडी बेफाम हाणायचो. आपण दरीत गेलो तर रडणार कोण, असं वाटायचं. आता सावकाश उतरेन.

दिवाळीला कुपवाडला जायचंय.