टेबल घासायला आलेला माणूस

त्याचं नाव मी विचारलं नाही आणि आजही जाणून घ्यायची इच्छा नाही. पिंप्राळ्याहून तो स्कूटरवर लाकूड घासायची दोन मशिनं घेऊन आला आणि ती आमच्या ओट्यावर अशी मांडली, जणू मी त्यांची पूजाच करणार होते.

आमचे हे ज्या टेबलावर रेडिओ दुरुस्त करत, त्यावर सोल्डरिंगच्या चटक्यांचे काळे ठिपके होते. हे गेल्यावर त्यांच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

"सोललेलं पॉलिश तेवढं काढा, ठिपके राहू द्या. गोल चकतीचं छोटं मशीन आणि बारीक पेपर वापरा," मी सांगितलं.

"अक्का, ते तर खेळणं शे," पट्ट्याचं मोठं मशीन थोपटत तो म्हणाला.

मी चहा ठेवून बाहेर आले, तर हा गृहस्थ एका हाताने मशीन एकाच जागी दाबून फोनवर बोलत होता. टेबलाच्या मधोमध खळगा पडला होता. ठिपका एकही उरला नव्हता.

"बठ्ठं साफ करी टाकं, अक्का!" खळग्यावरून तो कौतुकाने तळवा फिरवत होता.

"ठिपके ठेवायला सांगितलं होतं."

"डाग ठेवायचे, तर मले बोलावलं कशाला?"

त्याला खरंच कळत नव्हतं. दिसेल ते खरवडून काढलं की काम झालं, एवढीच त्याची विद्या. बशीतला चहा फुरकत त्याने मला पटवायला फोनमधला आधीचा फोटो दाखवला.

"देखा, किती घाण होतं!"

फोटोत सगळे ठिपके होते.

"हा मला पाठवा," मी म्हणाले.

"नंतरचा बी धाडतो ना."

"तो तुमच्याकडेच राहू द्या."