एल-जेमच्या रिंगणात लख्दर

लख्दरला जुने दगड बघायची काडीची हौस नव्हती. "पडक्या भिंतीच बघायच्या तर आमच्या अल्जेरियात, मेदेआत काय कमी आहेत? त्याही फुकट," हे तो ट्युनिशियातल्या सूसहून गाडी निघाल्यापासून तिसऱ्यांदा बोलला. बायको यमीना मागच्या सीटवरून कलिंगडाची फोड पुढे करत म्हणाली, "खा, म्हणजे तोंड बंद राहील. पोरीने जन्मात एकदा काही मागितलंय."

पोर म्हणजे सिहाम. तेवीस वर्षांची, नुकतीच नर्स झालेली. उन्हाळ्यात अर्धा अल्जेरिया ट्युनिशियाच्या समुद्रात डुंबायला जातो, तशी हीही माणसं आली होती. पण हिला एल-जेमचं, रोमन लोकांनी कैद्यांना सिंहांपुढे टाकायला बांधलेलं ते प्रचंड रिंगण बघायचं होतं. लख्दर तिला नाही म्हणूच शकत नसे. ती रक्ताने त्याची नव्हती, त्याच्या भावाची, नसीमची होती. लख्दर आणि नसीम एका आईचे, बाप मात्र वेगळे, त्यामुळे कागदोपत्री आडनावंही वेगळी. सिहाम चार महिन्यांची असताना नसीम मारला गेला आणि वर्षभराने आईच्या शब्दाखातर लख्दरने वहिनीशी, म्हणजे यमीनाशी, निकाह केला.

नसीम पोलिसात होता. ईदच्या आदल्या दिवशी तो लख्दरच्या भाजीच्या ट्रकमधून घरी निघाला होता. घाटात लष्करी गणवेशातल्या माणसांनी हात केला. लख्दरने ब्रेक दाबला आणि मग त्यांच्या पायांकडे त्याची नजर गेली. लष्करी बूट नव्हते, धावायचे पांढरे बूट होते. ही जंगलातली माणसं होती, सरकारविरुद्ध लढणारी, पोलीस दिसला की मारणारी. झडतीत नसीमच्या मोज्यातून पोलिसाचं ओळखपत्र निघालं. म्होरक्याने लख्दरला विचारलं, "हा कोण तुझा?" लख्दर म्हणाला, "वाटेत हात केला म्हणून घेतला. मी ह्याला ओळखत नाही." मग त्यांनी ट्रकच्या दिव्यांसमोरच नसीमचा गळा चिरला. ते झटपट झालं नाही. चाकू बोथट होता.

घरी त्याने सांगितलं की बंदुकीच्या दस्त्याने मला बेशुद्ध पाडलं, मी काही पाहिलं नाही. डोक्यावरची जखम तेवढी खोटी नव्हती, ती त्याने स्वतः ट्रकच्या दारावर डोकं आपटून करून घेतली होती. खरं कळलं तर यमीना एक क्षणही घरात राहणार नाही आणि पोर पुन्हा 'बाबा' म्हणणार नाही, हे तो रोज उठल्यावर स्वतःला बजावत असे. अशा माणसाला भित्रा म्हणा, नालायक म्हणा. मी म्हणणार नाही, कारण यादवीच्या त्या वर्षांत त्या घाटातून मीही गेलोय.

एल-जेमला ऊन टाळू भाजत होतं. रिंगणात रोमन सैनिकांसारखी पत्र्याची चिलखतं आणि लाल झगे घातलेली तीन पोरं लोकांबरोबर फोटो काढून पोट भरत होती. त्यातल्या हातेम नावाच्या धिप्पाड पोराने हसत सिहामचा दंड धरला, रबरी तलवार तिच्या गळ्याला लावली आणि आरोळी ठोकली, "ही कैदीण कुणाची? कुणीच ओळखत नसेल तर सिंहापुढे टाकतो!"

लोक हसले. सिहामही हसली. "बाबा, फोटो काढा ना!"

लख्दरच्या हातात फोन होता, पण नजर सवयीने खाली गेली होती. गणवेश दिसला की आधी पाय बघायचे, हे त्याच्या हाडात मुरलं होतं. झग्याखाली पांढरे बूट होते, धावायचे.

फोन कधी पडला आणि मुठीत दगड कधी आला, हे त्याला पुढेही कधी आठवलं नाही. पहिल्या घावात हातेमचं नाक फुटलं, दुसऱ्यात दात. पोरगा उताणा पडला तसा लख्दर त्याच्या छातीवर बसला आणि मारत सुटला. "मी ओळखतो! माझी आहे ती! ऐकलं का रे कुत्र्यांनो? ओळखतो मी! नसीमलाही ओळखतो! भाऊ आहे माझा!"

इतर दोघांनी लाथा घालून त्याला बाजूला केलं, त्यात त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. सिहाम ओढणी फाडून हातेमचा जबडा बांधत होती. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

रुग्णवाहिका हातेमला घेऊन गेली. पोलिसांनी लख्दरला बेड्या घालून तिकीटखिडकीजवळच्या बाकावर बसवलं. सिहामला मागे घेऊन यमीना त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. इतकी शांत तिला त्याने कधी पाहिली नव्हती.

"नसीमला ओळखतो, असं का ओरडलास? ओळखत नाही, असं कोण म्हणालं होतं?"

लख्दर रक्त थुंकला. तेवीस वर्षं तोंडाशी आलेलं त्याने सगळं एका दमात सांगून टाकलं. बोलताना त्याला एकदाही खोटं सुचलं नाही.

यमीनाने त्याच्या फुटलेल्या तोंडावरच ठोसा मारला. मग दुसरा, मग तिसरा. बेड्यांमुळे त्याला हात वर करता येत नव्हते आणि करायचेही नव्हते. "त्याने ऐकलं? तुझं बोलणं त्याने ऐकलं का? सांग हरामखोरा!"

"ऐकलं."

"मग?"

"माझ्याकडे बघितलं." लख्दरचा आवाज फाटला. "आणि त्यांना म्हणाला, हा खरं बोलतोय. मीही ह्याला ओळखत नाही. गरीब भाजीवाला आहे, जाऊ द्या त्याला."

यमीनाची मूठ तशीच हवेत राहिली. सिहाम त्या धुळीत खाली बसली आणि न आठवणाऱ्या बापासाठी मोठमोठ्याने रडू लागली.