सावडीचा ट्रॅक्टर

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी माझ्या मित्राच्या गोठ्यामागे बसून एक जाम झालेला ट्रॅक्टर सोडवीत होतो. मी तेव्हा गंगाखेडच्या एका शाळेत विज्ञान शिकवीत असे आणि सुटी लागली की गावी, आईकडे येत असे. वडील हयात नव्हते. त्यांच्यामागे आम्हाला उरली होती ती सीलिंगच्या वाटपात मिळालेली चार एकर काळी जमीन, आणि त्या जमिनीला लागलेली हराळी.

हराळी ज्याने पाहिली नाही त्याला तिचे वर्णन करून सांगणे अवघड आहे. वरून ते नुसते गवत दिसते, पण खाली तिच्या मुळ्यांचे जाळे हात-दीड हात खोल गेलेले असते. बैलाच्या नांगराने ती तुटते आणि तुटलेल्या प्रत्येक कांडीतून पुन्हा फुटते. तिच्यावर उपाय एकच. भर उन्हाळ्यात ट्रॅक्टरचा नांगर खोल घालून ढेकळे उलथी पाडायची आणि मुळ्या उन्हात वाळू द्यायच्या. पाऊस लागला की ते साधत नाही. आमच्या शेतात तोवर पेरले त्यापेक्षा हराळीच अधिक उगवे, आणि आई दर वर्षी म्हणे, "औंदा तरी रान मोकळं झालं पायजे बाबा, न्हाईतर जमीन आपली हाय असं नुसतं म्हनायचं."

मित्र माझ्या वर्गातला. पुढे परभणीला कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. तो शिक्षण अर्धवट सोडून घरच्या शेतीत परतला. त्याच्या वडिलांनी हौसेने घेतलेला ट्रॅक्टर त्यांच्या पश्चात गोठ्यामागे कडब्याच्या गंजीला टेकून उभा होता. त्याच्या सीटवर कोंबड्या बसत. परभणीच्या एका मिस्त्रीने तो पाहून, भंगारात घाला, असा सल्ला दिला होता.

"तुला इंजिनातलं कळतं," मित्र मला म्हणाला, "तू सोडव. मी तुझं रान नांगरून देतो. आपली सावड."

सावड म्हणजे कामाची परतफेड कामानेच. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात; पैशाचा विषय नाही. आमच्या भागात तिची एक रीत आहे. ज्याच्या रानात काम असेल त्याच्या घरची भाकरी सावडकऱ्याने दुपारी बांधावर बसून खायची. ती खाल्ल्याशिवाय सावड फिटली असे कोणी मानीत नाही. आमच्या वस्तीतली माणसे गावाच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राबली होती, पण ती रोजगारावर किंवा बलुत्यावर. सावड बरोबरीच्यांत होते. म्हणून मी घरी सांगितले तेव्हा आईने हातातले सूप खाली ठेवले.

"सावड म्हनला त्यो? रोजगार न्हाई, सावड?"

"सावडच म्हणाला."

"मग जेवील का त्यो आपल्या बांधावर?"

"तुझ्या हातचं खायचंय म्हणाला."

आईने सूप पुन्हा उचलून दोनदा पाखडले. मग तिने भाकरीबरोबर काय करायचे, याचा विचार मोठ्याने सुरू केला.

काम कठीण होते. पिस्टन आपापल्या जागी गंजून बसले होते. नोजल काढून त्या भोकांतून मी डिझेल आणि रॉकेलचे मिश्रण सोडले व मुरू दिले. पण ते खाली उतरेचना. बॅटरी लावून आत पाहिले तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर लाखेसारखा पिवळा, चिकट थर दिसला. मला कोडे पडले. मित्राच्या आईंना विचारले, तेव्हा उलगडा झाला. खंडेनवमीला घरातल्या सगळ्या अवजारांना तेल लागते, तसे त्या दर वर्षी ट्रॅक्टरलाही भक्तिभावाने वाटीभर करडीचे तेल पाजीत. उघड्या धुरांड्यातून ते तेल थेट पोटात जाई. करडीचे तेल हवेत राहून वाळते आणि त्याचे वार्निश होते, हे मी वर्गात मुलांना शिकवीत असे. त्या माउलीसमोर मात्र माझे तोंड उघडले नाही.

मित्राला हळूच सांगितले, तर तो पोट धरून हसला. "मास्तर, तिच्यापुढं बोलू नको. तिला वाटतंय देवाच्या तेलानं इंजिन टिकलंय!"

मग हेड उतरवून, सोड्याच्या कढत पाण्याने आणि पुढे रॉकेलने आम्ही तो थर खरवडला. मागचे चाक जॅकवर उचलले, वरचा गिअर टाकला आणि दोघे मिळून ते चाक पुढे-मागे हेलकावू लागलो. पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके देत होतो. जोर लावला तर फुटेल, हे मी त्याला सारखे बजावीत असे.

"तुझ्यासारखंच हाय हे," तो म्हणे. "बोलतच न्हाई. लय मनवावं लागतंय."

एका सकाळी चाक बोटभर फिरले. आम्ही दोघेही श्वास रोखून थांबलो, मग त्याने मला कडब्यावर ढकलून दिले आणि स्वतःही शेजारी पडला. त्या दिवसांइतक्या निर्धास्तपणे मी कोणाच्या दारात वावरलो नाही. चहाचे दोन ग्लास तो स्वतः आतून आणी आणि दोन्ही स्वतःच विसळून नेई. मला त्यात त्याचे प्रेम दिसे. ते ग्लास घरातल्या कोणाच्या हाती लागू नयेत, हाही त्यात हेतू असेल, असे माझ्या मनात तेव्हा आले नाही.

ट्रॅक्टर चालू झाला तो सोमवार होता. डिझेलच्या नळीतली हवा काढली, त्याने चावी दिली, धुरांड्यातून काळा लोट उठला, इंजिन दोनदा अडखळले आणि मग चालूच राहिले. आवाजाने गाव जमला. मित्राच्या चुलत्यांनी नारळ फोडला, बोनटला हार घातला.

"कुनी दुरुस्त केला रे?" त्यांनी विचारले.

मी ग्रीसने माखलेल्या हातांनी तिथेच, चाकाजवळ उभा होतो. मित्राने माझ्याकडे पाहिले नाही.

"परभनीचा मिस्त्री येऊन गेला की," तो म्हणाला.

गर्दीतला एकजण हसून माझ्याकडे वळला, "आन् मास्तर काय करायलेत हितं? पाना द्यायला का?" सगळे हसले. मीही हसलो असेन. घरी जाताना मी स्वतःची समजूत घातली की चुलत्यांसमोर त्याची अडचण झाली असेल. नावाचे काय एवढे? सावड कायम आहे. ट्रॅक्टर चालू झाला की दुसऱ्याच दिवशी आमचे रान, हे आधीच ठरले होते.

मंगळवारी आईने पहाटेच चूल पेटवली. ज्वारीच्या भाकरी, वांग्याचे भरीत, तिळाची चटणी, आणि शेजारणीकडून आणलेले दही. धुतलेल्या लुगड्याच्या फडक्यात सगळे बांधून आम्ही बांधावर जाऊन बसलो. दूरवर ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तो जवळ आला, मग वळला. ओढ्यापलीकडे, त्याच्या चुलत्यांच्या रानात तो तास धरून चालू लागला. आम्हाला तो दिसत होता, आणि आम्ही त्याला.

"आधी चुलत्याचं करायला असंल," आई म्हणाली. उन्हे कलली तेव्हा तिने फडके पुन्हा बांधले.

दिवस मावळायच्या सुमारास मित्र मला रस्त्यावर, चिंचेखाली भेटला. तो सायकल धरून उभा होता, आणि बोलताना घंटीशी चाळा करीत होता.

"चावडीवर ठरलंय गड्या. तुमच्या रानात कुनी औत न्यायचं न्हाई. नामांतराचं झाल्यापासून समदे कसे डोकं फिरल्यावानी करायलेत, तुला ठाव हाय."

"तू होतास चावडीवर?"

"होतो."

"काय म्हणालास?"

त्याने घंटीवरचा हात काढून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझं ऐक. मी शब्द मोडनार न्हाई. चांदनं हाय. समदे झोपल्यावर येतो, पहाटेच्या आत रान उलथून देतो. कुनाला कळायचं न्हाई."

माझ्या मनात एकाच वेळी हराळी आली, आईचे बोल आले, आणि क्षणभर मी हो म्हणण्याच्या अगदी जवळ होतो. चार एकर रान खोल नांगरून निघणार होते. मग ते चांदण्यात निघाले काय किंवा उन्हात. तू दिवसा का येत नाहीस, हे मला विचारता आले नाही. तोंडातून निघाले ते एवढेच :

"आई भाकरी घेऊन रात्री कशी येणार?"

तो चटकन म्हणाला, "आरं, जेवनाचं ऱ्हाऊ दे."

ते वाक्य त्याने किती सहज उच्चारले! ते ऐकेपर्यंत मी त्याला भित्रा समजत होतो, आणि भित्रेपणा मला समजू शकत होता, कारण तो माझ्यातही होता. आता कळले की जेवण टळले याने त्याला सुटल्यासारखे वाटत होते. माझे काम त्याने दिवसाच्या उजेडात घेतले होते. त्याची फेड तो अंधारात, उपकारासारखी देऊ पाहत होता.

"मग नको," मी म्हणालो.

"कामून? तुझंच नुकसान हाय बग."

"नको."

घरी आल्यावर आईला मी सगळे सांगितले. ती मला दोष देईल, असे वाटले होते. ती चुलीपाशी बसून होती. "राती कोन नांगरतं?" एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी जिंतूरकडे मामाच्या गावी गेलो. मामेभाऊ एक बैलजोडी आणि लोखंडी नांगर घेऊन पायी आला. बैलांनी जेवढे होईल तेवढे केले. नांगर हराळीत अडके, उसळे. मामेभाऊ तोंडाने शिव्या आणि हाताने जोर, दोन्ही एकदमच लावी. मुळ्या खोल आहेत तिथपर्यंत फाळ पोहोचत नव्हता, हे आम्हा तिघांनाही दिसत होते. त्या वर्षी पीक अर्धे येणार, हे त्याच दिवशी ठरून गेले.

दुपारी बैल सोडून आम्ही बांधावर जेवायला बसलो. शेजारच्या रानात, ओढ्याच्या अलीकडे, ट्रॅक्टर आला होता. वळणावर तो आमच्यापासून हाकेच्या अंतरावर थांबला. मित्र मागे वळून नांगरात अडकलेली मुळी काढीत होता. आईने भाकरी मोडता मोडता मान वर केली आणि पदर सावरून उभी राहिली.

"लेकरा," तिने हाक दिली, चांगली खणखणीत, आजूबाजूच्या रानांतली माणसे पाहतील अशी. "ये, दोन घास खाऊन जा!"

त्याने आमच्याकडे पाहिले. मग इंजिनाकडे बोट दाखवले, कानाला हात लावला आणि ऐकू येत नाही अशी मान हलवून तो पुन्हा सीटवर चढला.

आई खाली बसली. "आवाज लय हाय त्या मशीनीचा," ती मामेभावाला म्हणाली.

मी मान खाली घालून भाकरी मोडली. ट्रॅक्टर जागेवर उभा असतानाची इंजिनाची चाल मीच बसवली होती, आणि ती इतकी हळू बसवली होती की त्याच्याशेजारी उभे राहून दोन माणसांना आवाज न चढवता बोलता यावे.