एका हाताचं यंत्र

मयताच्या घरी गेल्यावर तुमचे हात काय करतात? तोंडाला शब्द सापडत नाहीत, हे मी समजू शकते. पण हात? ते मांडीवर गप्प बसतात, की काहीतरी करू पाहतात... पाणी आणतात, सतरंजी सरळ करतात, कोणाच्या पाठीवरून फिरतात? हेमराजमामा गेल्यानंतरच्या दिवसांत आमच्या गावच्या, आमच्या घरच्या आणि माझ्याही हातांनी जे केलं त्याची मला अजून शरम वाटते, म्हणून विचारते आहे.

बातमी आली तेव्हा मी देवरीत तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांच्या सभेत होते. काखेत पत्रकांचा गठ्ठा होता. सौंदडहून मामाच्या शेजाऱ्याचा फोन आला. "मास्तर गेले वं. सकाळी चहा घेतला, मशीनची वाटी धुतली आन खुर्चीत बसले, ते बसलेच." हायवेवर मिळाली ती बस पकडली. वाटभर डोक्यात एकच घोळत होतं... मामाने वाटी धुतली होती. म्हणजे दिवसाचं काम आटोपूनच गेला.

मामा हायस्कुलात भूगोल शिकवायचा. समुद्र, भरती-ओहोटी, प्रवाळ बेटं हे सगळं त्याने नोकरीभर फळ्यावर रंगीत खडूने काढलं, पण स्वतः समुद्र पाहिला तो निवृत्त झाल्यावरच, मामीला घेऊन. परत आला तो वेडा होऊनच. बैठकीच्या खोलीत दिवाणाएवढी काचेची टाकी उभी राहिली. तिच्यात मीठ कालवलेलं पाणी, खाली दगड, दगडांवर प्रवाळ. मी लहानपणापासून चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली मुलगी. आमच्या घरात पाहुण्याला चहाच्या आधी पत्रक मिळायचं. साहजिकच मी मामाशी भांडले. "समुद्रातून ओरबाडलेलं सौंदर्य घरात ठेवता? धानाच्या गावात?" मामा हसला. "ओरबाडलेलं नोहे बाई. दुसऱ्या मास्तरच्या टाकीतली फांदी हाये, गुलाबाची कलम लावतात तशी. आन मासेही टाकीतच जन्मलेले. आता पत्रक खाली ठेव आन मले मदत कर. फेसाचं मशीन घ्याचं हाये."

फेसाचं मशीन म्हणजे प्रोटीन स्किमर. खाऱ्या पाण्यात अगदी बारीक बुडबुडे सोडायचे, म्हणजे उरलेल्या खाण्याची आणि माशांच्या विष्ठेची घाण त्या बुडबुड्यांना चिकटते, फेस होऊन नळीच्या मानेतून वर चढते आणि वरच्या वाटीत पडते. वाटी रोज रिकामी करायची. हे यंत्र नसेल तर तीच घाण पाण्यात कुजते. नागपूरचा दुकानदार फोनवर हिंदीत समजावत होता. "मास्टरजी, टंकी बड़ी है, बड़ा मॉडल लो. टेन्शन खतम." मी म्हटलं, मशीन किती लिटरच्या टाकीला पुरेल याचे आकडे कंपन्या खोक्यावर वाढवूनच छापतात, तेव्हा दुप्पट घ्या. माझ्या तोंडून दुकानदाराचंच मत निघतंय, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मामाच्या आलं. त्याने चपला घातल्या आणि मला गावच्या तलावावर घेऊन गेला.

आमच्या लोकांना तलाव बांधणारे म्हणतात. जातीचा अभिमान मिरवायला मला आवडत नाही, पण तो तलाव आमच्या पूर्वजांनी बांधला हे खरं आहे. मामा सांडव्यावर उभा राहिला. पावसाळ्यात जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं ती ही जागा. "हा सांडवा एवढाच काऊन बांधला असंन, सांग."

"तलाव मोठा आहे म्हणून."

"तलाव पाहून सांडवा नाही बांधत वं. वरून, जंगलातून पाणी किती येऊन राहिलं ते पाहून बांधतात. खोक्यावर लिटर लिहून हाये. मासे काय लिटर खातात? मासे पाचच. त्यायले खाऊ घालणारा माझा एक हात. चिमूटभर सकाळी, चिमूटभर संध्याकाळी. मले एका हाताचं मशीन पाह्यजे."

"आणि कमी पडलं तर?"

"जास्त झालं तरी बेकारच. एवढ्या मोठ्या नळीत घाण थोडीशी असली, तर फेस मानेपर्यंत चढतच नाही, खालच्या खाली बसतो. मंग वाटीत काय येईन, माझं कपाळ?"

घरी येऊन त्याने पुठ्ठ्याची नळी केली, तिच्यावर स्टीलचा डबा उलटा ठेवला आणि तो खोटा स्किमर टाकीखालच्या कपाटात उभा केला. बरेच दिवस तो रोज सकाळी गुडघे टेकून तो डबा उचलून बाहेर काढायचा, पुन्हा ठेवायचा. मामी म्हणाली, "मास्तरले पुठ्ठ्याचा देव सापडला बाप्पा." मामाने तिकडून उत्तर दिलं, "जे सहज निघत नाही ते रोज धुतलं जात नाही. आन तुले रात्री मोटारीचा आवाज नको, तेही ध्यानात हाये." शेवटी मधल्या मापाचा, आवाज न करणारा, वाटी एका हाताने फिरवून निघेल असा स्किमर आला. तेव्हापासून रोज चहा झाला की मामा वाटीतलं काळपट हिरवं पाणी मोरीत ओतायचा. परसात कधीच नाही. खारं पाणी मातीत टाकणं त्याला धानाच्या अंगावर थुंकल्यासारखं वाटायचं.

मामाला स्मशानात पोचवून आम्ही परतलो आणि बैठकीत बसलो. बैठकीत बसायचं म्हणजे टाकीसमोरच बसायचं. मासे काचेशी आले. ते कोणीही समोर आलं की येतात, खायला मागतात. पण शेजारची म्हातारी गदगदून म्हणाली, "मास्तरले शोधून राहिले रे बाप्पा..." आणि तिने माशांच्या खाण्याच्या डबीतली चिमूट पाण्यात सोडली. मग जो येईल तो. सांत्वनाला शब्द नव्हते आणि डबी हाताशी होती. विद्यार्थी आले, शिक्षक आले, सोयरे आले. प्रत्येकाने रडून चिमूट टाकली. पहिल्या संध्याकाळी मीही टाकली, खोटं कशाला बोलू. वाटी दुपारपर्यंत भरायला लागली, एकदा तर उतू जाऊन कपाटात सांडली. मी धुवायचे, पुसायचे, आणि का भरते आहे हे मला पक्कं माहीत होतं. वरून किती पाणी येऊन राहिलं ते पाहा, हे मला सांडव्यावर उभं करून शिकवलं होतं. पण रडणाऱ्या माणसाचा हात कसा धरायचा?

तेरवीला पान वाढून परसातल्या भिंतीवर ठेवलं. कावळा येईना. ह्या अंधश्रद्धेविरुद्ध मी स्वतः पत्रक लिहिलेलं आहे, बाजारात उभं राहून वाटलेलं आहे. मी हात बांधून उभी होते. पंगती खोळंबल्या, कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात मामाची थोरली बहीण, माझी मोठी मावशी, उठली. पानातला वरण-भाताचा तुपाळ घास घेतला, आत गेली आणि टाकीत सोडला. केशरी पट्ट्यांचा मासा वर आला, घास तोंडात धरून खाली गेला.

"घेतला! हेमराजनं घेतला!" मावशी ओरडली.

घरभर हुंदका फुटला. आणि मी? माझे बांधलेले हात सुटले आणि जुळले. मला ते इतकं सुंदर वाटलं. मामा ज्यांच्यासाठी गुडघे टेकायचा, त्यांनीच त्याचा घास घेतला... आता थांबवलं तर हे सौंदर्य मोडेल, असं मला वाटलं. मग प्रत्येकालाच घास द्यायचा होता. भात पडला, वडा पडला, कोणीतरी बुंदीही टाकली.

संध्याकाळी मामी म्हणाली, "आज मशीनही शांत झाली वं." खरंच, वाटी कोरडी होती. फेस बसला होता. तुपाचा तवंग आला की फेस धरत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी नागपूरच्या दुकानदाराकडून कळलं. सकाळी पाणी पेजेसारखं पांढरं होतं आणि मासे वर येऊन तोंड उघडत होते. मी दुकानदाराला फोन लावला.

"पानी बदलो, अभी. नमक घोला हुआ रखा है?"

नव्हतं. ते मामाच ठेवायचा.

"क्या डाला मैडम? मास्टरजी तो चुटकी भर डालते थे."

"घी-भात," एवढं सांगून मी मिठाची पिशवी फोडली. मीठ विरघळेपर्यंत वेळ जातो. आम्ही घागरीत पाणी ढवळत बसलो आणि एकेक मासा आडवा होत गेला. पाचही गेले. प्रवाळही पांढरे पडले, एका दगडावरचा एक गुच्छ सोडून. मी मासे फडक्यात गुंडाळत होते तेव्हा मामी मागे येऊन उभी राहिली.

"तुले मालूम होतं ना वं?"

"होतं, मामी."

"मंग बोलली काऊन नाही? सभेत तं बोलतेस."

मी फडक्याला गाठ मारली. खरं उत्तर एवढंच आहे की, परक्या माणसांच्या श्रद्धेशी भांडताना मला कधी लाज वाटली नाही. आपल्या माणसांच्या दुःखाशी भांडायची हिंमत झाली नाही. माझं धैर्य देवरीच्या बाजारात चालतं, मामाच्या बैठकीत चाललं नाही. मावशीला मी काहीच सांगितलेलं नाही. ती अजून सांगते, हेमराजनं घास घेतला आणि आपले मासेही सोबत नेले.

मागच्या आठवड्यात सौंदडला गेले होते. टाकी चालू आहे. मामी बंद करू देत नाही. त्या एका गुच्छासाठी ती मीठ-पाणी मोजून घालते. खायला घालायचं कोणाला नाही, त्यामुळे स्किमरमधला फेस अर्ध्यापर्यंत चढतो आणि खालच्या खाली बसतो... मामा म्हणाला होता तसाच. तरी चहा झाला की मामी गुडघे टेकते, एका हाताने वाटी फिरवून काढते, पाहते आणि कोरडीच वाटी मोरीवर नेऊन धुते.

वाचकहो, माझी एक विनंती आहे. मयताच्या घरी जाल तेव्हा तिथल्या गाईला, कुत्र्याला, पोपटाला, माशाला प्रेमाने घास देण्याआधी घरच्यांना विचारा, ह्यांना रोज कोण खाऊ घालत होतं आणि किती. आणि ते तुम्हाला ठाऊक असेल, तर समोरचं माणूस कितीही रडत असलं तरी त्याचा हात धरा.