झाडाला लागणारे पैसे

"पैसे काय झाडाला लागतात?" हा प्रश्न पोरीला विचारायचा असेल, तर बापाने देवरी तालुक्याबाहेर जाऊन विचारावा.

मी इथेच विचारला, तोही जेवता जेवता. आमची पिंकी नुकतीच दहावीच्या परीक्षेतून सुटली होती आणि अकरावीला गोंदियाला जायचं म्हणून तिला मोबाइल हवा होता. मी पतसंस्थेत रोखपाल. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजत असल्यामुळे पैशावर प्रवचन द्यायचा हक्क आपलाच, असा माझा समज आहे (बायकोचा नाही).

"पैसे का झाडाले लागून राहिले, पिंके?"

"हो ना बाबा," पिंकी शांतपणे म्हणाली. "आपल्या बांधावरच्या मोहाले लागते ना. फुलं पडूनच राहिली. वेचून सुकवली का व्यापारी घेते."

बायको हसली. मला ते झोंबलं. मी तावातावाने जाहीर केलं, "ठीक आहे! यंदाचा मोह तुझा. वेच, सुकव, वीक. मंग समजंल तुले, पैसा कसा येते ते!"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत कुणीतरी माझं पांघरूण ओढलं.

"उठा बाबा. फुलं पडली असन."

"मोह तुझा ना? मले कायले उठवून राहिली?"

"तिकडं अस्वल येते."

"मंग मी काय करू अस्वलाचं?"

"काहीच नका करू. फक्त माझ्या समोर चाला."

पोर कामाला वाघीण निघाली. तिची टोपली भरली तेव्हा माझ्या टोपलीचा तळ दिसत होता, आणि वर तीच मला सांगत होती, "पालापाचोळा नका टाकू बाबा, व्यापारी वजन कापते." हे रोजचंच झालं. माझी कंबर गेली. त्यात ज्याची दारू गाळतात त्या मोहाचा वास अंगाला असा चिकटला की, पतसंस्थेत एका खातेदाराने डोळा मारून विचारलं, "काय साहेब, सकाळीच?" व्यवस्थापक तर काही काम नसताना जवळ येऊन हुंगून गेले!

एका रविवारी मायलेकी लग्नाला गेल्या आणि स्लॅबवर वाळत घातलेल्या फुलांची राखण माझ्याकडे आली. हातात काठी होती, पोटात नुकतंच जेवण होतं आणि टाकीची सावली गार होती. डोळा उघडला तेव्हा शेजारच्या सुमनबाईच्या बकऱ्या जिना चढून पंगतीला बसल्या होत्या. त्यांना हाकलून दम खातो न खातो, तोच सुमनबाई दारात.

"भाऊ, माझ्या बकरीले काय चारलं तुमी? पोट फुगलं तिचं. उठून नाही राहिली!"

म्हणजे फुलंही आमची गेली आणि जनावरांच्या डॉक्टरची फीही मीच भरली. बकरी संध्याकाळपर्यंत उड्या मारू लागली. मी मात्र पिंकीची वाट बघत जिन्यात बसून होतो. ती आली, स्लॅबवर गेली आणि उरलेली फुलं हाताने पसरत बसली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मोह विकला गेला. मोबाइलपुरते पैसे काही झाले नाहीत.

"बाकीचे मी टाकतो," मी खालच्या आवाजात म्हणालो. "नुकसान माझ्यामुळं झालं."

"राहू द्या," ती म्हणाली, आणि मला वाटलं, पोर रुसली.

दोन-तीन दिवसांनी पतसंस्थेत माझ्या खिडकीसमोरच्या रांगेत पिंकी उभी! नंबर आल्यावर तिने पासबुक आणि नोटा आत सरकवल्या.

"मोबाइल?" मी कुजबुजलो.

"पुढच्या मोहाले घेईन."

नोटा मोजायला घेतल्या आणि डोळ्यांत पाणी आलं. दोनदा मोजल्या, दोन्हीदा चुकलो. शेवटी, "आना इकडं," म्हणत तिनेच मोजून दिल्या. मागची रांग बघत होती. मग तिने दुखण्यावर लावायच्या मलमाची एक ट्यूब हळूच पुढे केली.

"कमरेले लावा."

"कायले खर्च केला गं?"

"खर्च कुठचा? पुढच्या वर्षी मजूर पाहिजे ना मले. आतापासून सांभाळून ठेवा लागते. आन सुट्टीचा अर्ज आताच टाका."

अर्ज टाकला आहे. पैसे झाडाला लागतात, यावर आता माझा पूर्ण विश्वास आहे. ते आपोआप खालीही पडतात. वाकून वेचायला तेवढा एक बाप लागतो!